‘शोनू’ ऐकताना कुत्र्याच्या डोक्यात काय चालतं?

सकाळी सातच्या सुमारास शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारावी आणि कान उघडे ठेवावेत. ज्यांच्या केबिनमध्ये जायला ऑफिसातली माणसं बिचकतात, असे एखादे गृहस्थ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हाशहुश करणाऱ्या लॅब्राडॉरला विचारत असतात, "दमलं का माझं पिल्लू? पाणी पाहिजे? पाणी पाहिजे बाळाला?" चार पावलांवर एक काकू बीगलची समजूत घालत असतात, "अशं नाही कलायचं, शी आहे ना ती? शी आहे ना?" बीगलचं नाक अर्थात त्या शीमध्येच. आणि कॉलेजातली एखादी मुलगी, जी घरी एका शब्दापलीकडे उत्तर देत नाही, ती आपल्या इंडी, म्हणजे देशी, कुत्रीला सलग पाच मिनिटं "अगं माझी राणी, अगं माझी ठमाकाकू" असं काहीबाही ऐकवत असते.

ही बोली कुणी शिकवत नाही. वय, शिक्षण, पगार यांचा तिच्याशी संबंध नाही. कुत्रा समोर आला की आवाज आपोआप चढतो, वाक्यं तुटक होतात, एकच गोष्ट तीनदा बोलली जाते आणि जोडाक्षरांची वाट लागते. बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. पण शास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं या बोलीचा गंभीरपणे अभ्यास करत आहेत, अगदी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात झोपवण्यापर्यंत.

या अभ्यासाची मुळं तान्ह्या मुलांशी बोलण्यात आहेत, आणि तिथे मराठीला मानाचं पान आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली सहा भाषांमधल्या बालबोलीवर एक निबंध लिहिला. त्या सहांमध्ये अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंगतीला मराठी होती. त्याच वर्षी आपले अशोक केळकर यांनी खास मराठी बालबोलीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. भूर जाणं, मम्म खाणं, जोजो करणं, पापा देणं, शी आणि भूभू हे सगळं आपण इतकं सहज बोलतो, की त्यालाही नियम असतील असं वाटत नाही. पण असतात. शब्द दुप्पट होतात, अवघड व्यंजनं सोपी होतात, ‘र’चा ‘ल’ होतो. जगाच्या पाठीवर एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांतही हीच धाटणी दिसते.

कुत्र्याशी बोलताना आपण हेच सामान उचलतो. मराठीची त्यात स्वतःची एक भर आहे. आपल्याकडे तिसरं लिंग आहे, आणि लाडात आलं की आपण समोरच्याला सरळ त्या तिसऱ्या लिंगात ढकलतो. चाळीस किलोचा रॉटवायलर, ज्याला बघून लिफ्टमधली माणसं पुढच्या फेरीची वाट पाहणं पसंत करतात, तोसुद्धा घरात "कसं बसलंय बघा शहाणं" होतो. शिवाय तो समोर असतानाही त्याच्याबद्दल तृतीय पुरुषात बोललं जातं: "भूक लागली का बाळाला?" मोठ्या माणसाला असं विचारलं तर तो एक तर हसेल, नाहीतर रागावेल.

१९८२ मध्ये कॅथी हर्श-पासेक आणि रिबेका ट्रीमन या दोघींनी अमेरिकेत आयांचं मुलांशी आणि कुत्र्यांशी बोलणं शेजारी ठेवून पाहिलं. छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, भरपूर प्रश्न, भरपूर आज्ञा, भरपूर पुनरुक्ती, दोन्हीकडे तेच. म्हणजे ही बोली बाळामुळे जन्मत नाही. उत्तर न देणारा, पण टक लावून ऐकणारा कोणीतरी समोर असला की ती जन्मते.

फरक सापडला तो पुढे, २००२ मध्ये. ऑस्ट्रेलियात डेनिस बर्नहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांचं तान्ह्या मुलांशी, कुत्र्या-मांजरांशी आणि मोठ्या माणसांशी बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. आवाजाची पट्टी आणि त्यातली माया बाळासाठी वाढत होती, तशीच प्राण्यांसाठीही वाढत होती. पण बाळाशी बोलताना आई आणखी एक गोष्ट करत होती: आ, ई, ऊ हे स्वर ती ताणून, सुटे करून, ठळक उच्चारत होती. प्राण्यांशी बोलताना हे होत नव्हतं. बाळ एक दिवस बोलणार आहे आणि टॉमी बोलणार नाही, हे आईच्या जिभेला ठाऊक असतं. माया दोघांना सारखी मिळते, भाषेची शिकवणी मात्र एकालाच. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण ‘कुत्र्याला मूल समजतात’ या नेहमीच्या टोमण्याला तो परस्पर उत्तर देतो.

मग ऐकणाऱ्याचं काय? त्याला यातलं काही पोहोचतं का?

२०१७ मध्ये एक प्रयोग गाजला. निकोला मातेवों आणि डेव्हिड रेबी यांच्या गटाने काही स्त्रियांना पिल्लांचे, मोठ्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे फोटो दाखवून लाडाची ठरावीक वाक्यं बोलायला लावली. पिल्लाचा फोटो दिसला की आवाज सगळ्यात वर जायचा, पण म्हाताऱ्या कुत्र्यासाठीही तो माणसांशी बोलण्याच्या पट्टीपेक्षा वरच राहायचा. मग हे आवाज कुत्र्यांना ऐकवले. पिल्लं स्पीकरकडे धावली. मोठ्या कुत्र्यांनी मात्र लाडाचा आवाज आणि साधा आवाज यांत काही फरक केला नाही. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, की मोठ्या कुत्र्याशी बोबडं बोलणं फुकट.

कुत्रे पाळणाऱ्या कुणालाही हे पटलं नसतं, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातून दुसरी बाजू आली. अ‍ॅलेक्स बेंजामिन आणि केटी स्लोकोम्ब यांनी स्पीकरऐवजी खरी माणसं समोर बसवली. एकीच्या मांडीवरच्या यंत्रातून लाडाच्या सुरात कुत्र्याच्या कामाचं बोलणं यायचं, फिरायला जायचं का वगैरे. दुसरीकडून साध्या सुरात काल सिनेमाला गेले होते छापाच्या गप्पा. मोठे कुत्रे पहिलीकडे जास्त बघत राहिले आणि नंतर तिच्याजवळ जास्त वेळ थांबले. मग संशोधकांनी खोडी काढली. सूर लाडाचा आणि मजकूर सिनेमाचा. सूर सपाट आणि मजकूर फिरायला जाण्याचा. ही सरमिसळ केल्यावर कुत्र्यांची आवडनिवड संपली. सूर आणि शब्द एकत्र आले तरच खरं.

याचा मेंदूतला पुरावा त्याआधीच, २०१६ मध्ये, बुडापेस्टहून आला होता. अटिला अँडिक्स यांच्या गटाने तेरा पाळीव कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं. बांधून नव्हे, कुत्र्याला वाटलं तर तो उठून जाऊ शकत होता. माणसांनासुद्धा त्या नळीतला ठोकाठोकीचा आवाज नकोसा होतो, तिथे हे कानाला हेडफोन लावून गुपचूप पडून राहिले. त्यांच्या ओळखीच्या प्रशिक्षिकेचा आवाज ऐकवला: कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, तेच शब्द सपाट सुरात, आणि कुत्र्याच्या दृष्टीने बिनकामाची उभयान्वयी अव्ययं दोन्ही सुरांत. म्हणजे आपल्याकडे जणू ‘शाब्बास’ आणि ‘तरीसुद्धा’. ओळखीचा शब्द आणि सूर यांची छाननी मेंदू वेगवेगळी करत होता. पण बक्षिसाने सुखावणारा भाग उजळला तो एकाच वेळी: कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हा. मोबाइलवर डोळे ठेवून "हो हो, शहाणा आहेस" म्हटलं तर ते पोहोचत नाही. लाडिक आवाजात "तरीसुद्धा, तरीसुद्धा" म्हटलं तर तेही नाही.

इथे मराठी माणसाला एक शंका येणारच. आपण लाडात येतो तेव्हा चांगलं कुठे बोलतो? लबाड, गाढवा, मेल्या, नालायक, ढोल्या, सोंग कुठलं! मग कुत्र्याला वाईट वाटत असेल? माझा तर्क असा, की मुळीच नाही. ‘शाब्बास’ या शब्दात कुत्र्याच्या लेखी जन्मजात काही चांगलं नाही. हजार वेळा तो शब्द हसऱ्या चेहऱ्याने, पाठ थोपटत, खाऊसोबत ऐकला म्हणून तो कौतुकाचा झाला. एखाद्या घरात ‘मेल्या’ त्याच थाटात उच्चारला जात असेल, तर त्या घरच्या कुत्र्यासाठी तोच कौतुकाचा शब्द. शेजारच्या घरी मात्र तो चालेलच असं नाही.

आणि सुराचं तरी असं काय मोठं? जीवशास्त्रज्ञ यूजिन मॉर्टन यांनी १९७७ मध्ये अनेक पक्षी आणि सस्तन प्राण्यांचे आवाज तपासून एक साधी गोष्ट मांडली: भांडणाच्या वेळी आवाज खालचा आणि खरखरीत होतो, मैत्रीच्या किंवा शरणागतीच्या वेळी बारीक आणि स्वच्छ. मोठं शरीर खालचा आवाज काढतं, लहान शरीर बारीक. म्हणून बारीक आवाज म्हणजे ‘मी छोटा आहे, माझ्यापासून भीती नाही’. कुत्र्याचं गुरगुरणं आणि कुंकूं करणं याच नियमात बसतं. सहा फुटी माणूस गुडघे टेकून "अले अले अले" करतो तेव्हा तोही त्याच जुन्या नियमाला धरून स्वतःला लहान करत असतो.

पट्टीइतकाच ठेकाही महत्त्वाचा. पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी १९८० च्या दशकात निरनिराळ्या भाषा बोलणारे मेंढपाळ आणि प्राण्यांचे प्रशिक्षक काय आवाज काढतात ते गोळा केलं. जनावराला बोलवायचं किंवा पळवायचं असेल तर सगळीकडे तुटक, भराभर येणारे आवाज. शांत करायचं किंवा थांबवायचं असेल तर एक लांब स्वर. आपलं "यू यू यू", जिभेने केलेलं "च् च् च्", आणि दुसरीकडे बैलाला थांबवणारं "होऽऽ" आठवून पाहा. पिल्लांवर प्रयोग केला तेव्हा तुटक आवाजांनी ‘ये’ शिकवणं सोपं गेलं. म्हणून कुत्रा रस्त्याकडे धावत सुटला असताना मागून "थांब थांब थांब थांब!" असं ओरडणं हे त्याला जवळजवळ उलट सांगण्यासारखं आहे.

जिनिव्हा विद्यापीठाच्या गटाने २०२४ मध्ये वेगही मोजला. माणसं एकमेकांशी सेकंदाला साधारण चार अक्षरांच्या गतीने बोलतात. कुत्र्यांचं भुंकणं, गुरगुरणं सेकंदाला दोनच्या आसपास. आणि माणूस कुत्र्याशी बोलतो तेव्हा? तीन. पाच भाषांमध्ये हेच दिसलं. मेंदूच्या लहरी तपासल्यावर कुत्रे बोलण्याचा संथ ठेका पकडतात असं दिसलं, माणसासारखी अक्षरागणिक धाव ते घेत नाहीत. त्यामुळे मधली गाठ माणसाने, कुणी न सांगता, स्वतःहून घेतलेली आहे.

आता शब्दांकडे. बॉर्डर कॉली जातीच्या रिकोला दोनशेहून जास्त वस्तूंची नावं येत होती, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. त्याच जातीच्या चेझरला तर एक हजार बावीस. पण हे कुत्र्यांमधले बोर्डात आलेले विद्यार्थी. सामान्य घरगुती कुत्र्याचं काय, याचं उत्तर हंगेरीतल्याच दोन अभ्यासांनी दिलं, आणि गंमत म्हणजे एक थोडं निराश करतं, दुसरं उभारी देतं. २०२० मध्ये दिसलं, की शिकवलेला शब्द आणि त्यातला एखादाच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द यांत कुत्र्याचा मेंदू फारसा फरक करत नाही. ‘बस’ आणि ‘बुस’ त्याला जवळपास सारखेच. बाळंही वर्ष-सव्वा वर्षाची असताना याच अवस्थेत असतात, पण पुढे निघून जातात. कदाचित म्हणूनच आपल्या घरात नावांची जी वाताहत होते ती कुत्रे निमूट चालवून घेतात. टायगरचा टायग्या, टायग्याचा टग्या, टग्याचा टगुल्या. तो प्रत्येक हाकेला येतो.

उभारी देणारा अभ्यास २०२४ चा. मालक आधी एखाद्या खेळण्याचं नाव घ्यायचा आणि मग कधी तेच, कधी दुसरंच खेळणं दाखवायचा. अठरा कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी तपासल्या. नाव एका वस्तूचं आणि दिसली दुसरीच, तर मेंदूत ‘हे काय भलतंच’ असा पडसाद उमटला. माणसाच्या मेंदूतही असंच होतं. म्हणजे ‘बॉल’ ऐकल्यावर कुत्र्याच्या डोक्यात बॉल काही प्रमाणात आधीच येऊन बसलेला असतो. ‘भूर’ हा शब्द घरात चोरून, स्पेलिंग करून उच्चारावा लागतो, त्यामागे हेच असणार.

मान वाकडी करून ऐकण्याची ती प्रसिद्ध अदाही तपासली गेली. खेळण्यांची नावं पटापट शिकणाऱ्या हुशार कुत्र्यांनी नाव ऐकताच ४३ टक्के वेळा मान तिरपी केली, बाकीच्यांनी दोन टक्के वेळा. तेव्हा तुमचा कुत्रा मान वाकडी करत नसेल तर नाराज होऊ नका; बहुतेकांचे करत नाहीत, आपल्याला केलेली तेवढी लक्षात राहते.

मुंबईच्या कुत्र्याची परिस्थिती मात्र प्रयोगशाळेपेक्षा कठीण. खाली ड्रिलिंग, बाजूला टीव्ही, वर फर्निचर सरकवणं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २०१९ मध्ये नऊ जणांच्या एकत्र बडबडीत कुत्र्यांना स्वतःचं नाव ओळखता येतं का ते पाहिलं. बडबड नावाइतकीच मोठी असली तरी कुत्रे ते ओळखत होते, आणि नाव घेणारी बाई अनोळखी होती. पहिल्या वर्षातल्या मानवी बाळांना हे इतकं जमत नाही. दादर स्टेशनबाहेर राहणारा कुत्रा भाजीवालीची एक हाक ऐकून गर्दीतून नेमका येतो, तो असा.

शिवाय भाषा किती! घरात मराठी, वॉचमनची हिंदी, खालच्या मजल्यावरची गुजराती, आणि ट्रेनरची इंग्रजी. मुंबईत मला एक विभागणी हमखास दिसते: हुकूम इंग्रजीत, लाड मातृभाषेत. "सिट! स्टे!" आणि लगेच "गुणाचं गं बाळ ते". कुत्र्याला या भाषा वेगळ्या वाटतात का? लॉरा कुआया या संशोधिका मेक्सिकोहून आपल्या कुन-कुन नावाच्या कुत्र्याला घेऊन बुडापेस्टला राहायला गेल्या आणि त्यांना नेमका हाच प्रश्न पडला. इथली माणसं वेगळं बोलतात, हे याच्या लक्षात येत असेल का? अठरा कुत्र्यांना एमआरआयमध्ये स्पॅनिश आणि हंगेरियन उतारे ऐकवले. ओळखीची भाषा आणि परकी भाषा यांना मेंदूने वेगळा प्रतिसाद दिला, आणि कुत्रा जितका वयस्क तितका हा फरक स्पष्ट. वर्षानुवर्षं कानावर पडलेल्या भाषेची लय त्यांच्यात मुरते. आपल्याकडचा कुत्रा एकाच वेळी तीन-चार भाषांत मुरत असतो.

एक वाक्य मात्र या सगळ्या लाडाच्या बोलीत विषारी आहे. "कोणी केलं हे? हं? कोणी केलं?" उशीचा कापूस घरभर, आणि कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवत बसलेला गुन्हेगार. बघा, त्याला कळतंय चुकलंय ते! अ‍ॅलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याचा छान सापळा रचला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून बाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खायचा, कधी खाऊ दुसरंच कुणी उचलून न्यायचं. मालकाला मात्र खरंखोटं काहीही सांगितलं जायचं. तो ‘अपराधी चेहरा’ गुन्ह्याशी नव्हे, मालकाच्या रागावण्याशी जोडलेला निघाला. आणि सगळ्यात जास्त अपराधी दिसले ते खाऊला तोंडही न लावता ओरडा खाल्लेले कुत्रे. त्या चेहऱ्यात पश्चात्ताप नाही, आवाज खाली गेल्याची धास्ती आहे. घरोघरी या चेहऱ्याचे व्हिडिओ काढून हसतात, ते मला बघवत नाहीत.

हे सगळं घरातल्या कुत्र्यांचं झालं. पण मुंबईतले लाडाचे कितीतरी शब्द फूटपाथवर खर्च होतात. महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत शहरात सुमारे ९५ हजार भटके कुत्रे होते. त्यांच्याशी शहराचा घरोबा जुना; १८३२ साली कंपनी सरकारच्या शिपायांनी रस्त्यावरची कुत्री मारायला घेतली, तेव्हा कोटातल्या पारशांनी दुकानं बंद करून दंगल केली होती. आजही चाळीच्या तोंडाशी बसणाऱ्या काळ्याला सकाळी चहावाल्याकडून "काय राजे" आणि पुढच्याच मिनिटाला कुणाकडून तरी "हाड" ऐकावं लागतं. एकाच दिवसात इतके टोकाचे सूर पाळीव कुत्र्याच्या वाट्याला येत नाहीत.

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट अशाच कुत्र्यांवर काम करतो. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवताना भटका कुत्रा खाऊपेक्षा गोंजारण्याला जास्त वजन देतो. पोटासाठी उकिरडे धुंडाळणाऱ्या प्राण्याकडून हे अपेक्षित नव्हतं. २०२० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: कसलंही प्रशिक्षण नसलेले हे कुत्रे माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे जातात. अर्थात जवळ येतात ते. बरेचसे जवळ आलेच नाहीत, आणि त्यांच्या वागण्यात चिंता दिसत होती.

अशा कुत्र्याशी बोलायचं तर घरच्या शोनूवर होते तशी शब्दांची सरबत्ती उपयोगाची नाही. थोडं अंतर ठेवून, अंगावर न वाकता, नजर न रोखता, हळू आवाजात एकच हाक द्यावी आणि वाट पाहावी. त्याने मान फिरवली, जांभई दिली किंवा ओठांवरून भरकन जीभ फिरवली, तर आज एवढंच पुरे असं त्याचं म्हणणं आहे.